बी.एड.चे मुदलियार आणि एमबीबीएसचे मुदलियार एकच का?

खडूफळा:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा बाळबोध आहे, पण घरात यावरून खडाजंगी चालू आहे, म्हणून धागा काढतेय.

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला, साताऱ्यात. धाकटा भाऊ एमबीबीएसला, सध्या पीएसएमच्या (सार्वजनिक आरोग्याच्या) पेपरची तयारी करतोय. सुट्टीत दोघांना टेबल एकच. मी मोठ्याने घोकत होते, "मुदलियार आयोग, १९५२-५३, बहुउद्देशीय शाळा." तो पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, "मुदलियार म्हणजे १९६२. एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे ४०,००० लोकसंख्या." मी म्हटलं ते दुसरे कुणी असतील. तो म्हणे तुझेच दुसरे. आईने स्वयंपाकघरातून निकाल दिला, "तिकडे मुदलियार म्हणजे आपल्याकडे पाटील असतात तसे. ढिगाने असतील."

माझ्या गाईडात "डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार, कुलगुरू, मद्रास विद्यापीठ" एवढंच आहे. आता ते 'डॉ.' पीएच.डी.चं की स्टेथोस्कोपचं, ते गाईड सांगत नाही. भावाच्या पुस्तकात 'डॉ. ए. एल. मुदलियार'. माणूस एकच आहे का? आणि असेल, तर दवाखाना सोडून विद्यापीठात गेला कसा? आणि शाळांचं काय करायचं हे एका डॉक्टरला विचारावंसं वाटलं कुणाला? नेटवर पदांची आणि तारखांची यादी मिळते, त्यापलीकडचं कुणाला माहीत असेल तर सांगा.

कट्टेकरी:

एकच आहेत. आईसाहेब पैज हरल्या. बाकी जाणकार येतीलच, मी चहा घेऊन बसलोय.

सुईणमावशी:

एकच गं. आणि तुम्हा बहीणभावाला तिसरे मुदलियार अजून भेटायचेच आहेत. ते माझ्या ओळखीचे.

मी मिरजेच्या मेडिकलची. जन्मभर बाळंतपणं केली, आता नातवंडं आणि हा कट्टा. आमच्या वेळी हॉस्टेलवर प्रसूतिशास्त्राला 'मुदलियार-मेनन' वाचायची पद्धत होती. मूळ पुस्तक 'क्लिनिकल ऑब्स्टेट्रिक्स', १९३८चं. पुढे त्यावर कृष्ण मेनन यांचंही नाव आलं (संरक्षणमंत्री नव्हेत, हे डॉक्टर मेनन). माझी प्रत सेकंडहँड. आधीच्या मालकिणीने अडलेल्या बाळंतपणाच्या प्रकरणात लाल पेन्सिलीने इतक्या रेघा ओढल्या होत्या की कोरी ओळ शोधावी लागे. विलायती पुस्तकातली बाई वेळेवर तपासायला येते, वेळेवर दाखल होते. आमच्या दारात यायची ती हिमोग्लोबिन चारवर, पायांवर सूज, दोन दिवस घरी कळा देऊन बैलगाडीतून. मद्रासच्या वॉर्डात उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक म्हणूनच आम्हाला जवळचं वाटायचं. तेच हे ए. लक्ष्मणस्वामी.

जन्म १४ ऑक्टोबर १८८७, कर्नूलचा. जुळे. थोरले रामस्वामी राजकारणात गेले, हे मद्रास मेडिकल कॉलेजात शिकले, तिथेच शिकवू लागले आणि तिथलेच प्राचार्य झाले. १९४२ साली मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू, ते १९६९ पर्यंत. नीट वाच, २७ वर्षं. तेवढ्यात इंग्रज गेले, आंध्र वेगळा झाला, काँग्रेस जाऊन द्रमुक आलं, मद्रास राज्याचं तमिळनाडू झालं. कुलगुरू तेच.

आता दवाखाना सोडून गेले कसे. सरकारी मेडिकल कॉलेजातला डॉक्टर सकाळी वॉर्डात आणि दुपारी वर्गात असतो, म्हणजे अर्धा मास्तर तो आधीपासूनच असतो. प्राचार्य झाला की पेशंट मागे पडून परीक्षा, अभ्यासक्रम, जागा, नेमणुका यांच्या फायली सुरू होतात. शिवाय तेव्हा मेडिकल कॉलेजं सर्वसाधारण विद्यापीठांनाच जोडलेली असत. माझ्या एमबीबीएसच्या पदवीवर शिवाजी विद्यापीठाचा शिक्का आहे. नाशिकचं आरोग्य विद्यापीठ १९९८ मध्ये आलं. त्यामुळे संस्कृतवाले, रसायनवाले आणि आमच्यातले लोक विद्यापीठाच्या बैठकांना शेजारी-शेजारी बसत. तिथे जो कागद वाचून येतो आणि वेळेत बोलणं संपवतो त्याचं नाव लवकर पुढे येतं. आज डॉक्टरांचं विद्यापीठ वेगळं केल्यावर साध्या विद्यापीठाला डॉक्टर कुलगुरू मिळायचा रस्ताच बराचसा बंद झालाय. हे मला फारसं आवडलेलं नाही, पण असो.

शाळांचं डॉक्टरला विचारलं कुणी, याचंही उत्तर सरळ आहे. १९४८-४९च्या राधाकृष्णन आयोगावर ते सदस्य होते. मेघनाद साहा, झाकिर हुसेन त्याच आयोगात. काम विद्यापीठांचं होतं, पण त्यांनी लिहून ठेवलं की आपल्या शिक्षणयंत्रणेत सगळ्यात कच्चा दुवा माध्यमिक शिक्षणाचा. मग सप्टेंबर १९५२ मध्ये माध्यमिकसाठी आयोग नेमला तेव्हा दहा वर्षं कुलगुरुपद सांभाळलेला माणूस अध्यक्ष झाला. बडोद्याच्या कुलगुरू हंसाबेन मेहताही त्यात होत्या. अहवाल ऑगस्ट १९५३चा, म्हणजे वर्ष पुरतं भरायच्या आत.

तुझ्या गाईडात बहुउद्देशीय शाळा असतील, त्रिवर्षीय पदवी असेल. विद्यार्थ्यांच्या शारीरिक स्वास्थ्यावरचं प्रकरण बहुतेक दोन ओळींत उरकलेलं असेल. मुळातून वाच. प्रत्येक राज्यात शाळांसाठी वैद्यकीय सेवा हवी, प्रत्येक मुलाची दरवर्षी पूर्ण तपासणी हवी, आणि दोष सापडला तर पुढचे उपचार व्हायला हवेत. हे शेवटचं डॉक्टरलाच सुचतं. तपासणी करून कार्डावर 'दात किडलेले' लिहायचं आणि कार्ड कपाटात ठेवायचं, हे शाळांतून मी स्वतः पाहिलंय.

परीक्षांचंही तसंच. वर्षाअखेरच्या एका परीक्षेवर मुलाचा निकाल ठरवू नका, वर्षभराच्या नोंदी ठेवा, त्यांना वजन द्या, गुणांऐवजी श्रेणी द्या, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही बी.एड.ला जे संचयी नोंदपत्रक भरायला शिकता त्याचा आग्रह या अहवालात आहे. मला विचारशील तर त्यात बाळंतपणाचा डॉक्टर दिसतो. आमच्याकडेही निकाल एका रात्रीत लागतो, पण त्या रात्री काय होणार ते आधीच्या सात-आठ महिन्यांच्या कार्डावर लिहिलेलं असतं. वजन, रक्तदाब, लघवीतलं प्रथिन. कार्ड कोरं असलेली बाई दारात आली की आमच्या पोटात गोळा यायचा. हे त्यांच्या मनात होतं असा पुरावा माझ्याकडे नाही, ही माझी जोडणी आहे. पण एका माणसाने हे पुस्तक आणि तो अहवाल, दोन्हीत हात घातलाय म्हटल्यावर जोडावंसं वाटतं.

आता तुझ्या भावाकडे येते. त्याला सांग, ४०,००० हा आकडा मुदलियारांच्या आरोग्य समितीचा असला तरी मुळात नवा नाही. १९४३ ते ४६ च्या भोर समितीनेही (देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करायला नेमलेली) अल्पकालीन योजनेत एका केंद्रामागे ४०,०००च धरले होते. आणि गंमत म्हणजे त्या भोर समितीत मुदलियार सदस्य होतेच. १९५९ साली सरकारने त्यांना विचारलं, भोर अहवालानंतर काय झालं ते पाहा. ज्या कागदावर आपली सही आहे त्याचं पुढे काय झालं हे तपासायला तोच माणूस! निघालं काय, तर केंद्रं उघडली, पण तिथल्या सेवेत दम नव्हता. म्हणून त्यांचं म्हणणं, नवीन केंद्रं उघडत सुटण्याआधी आहेत ती नीट करा, जिल्हा रुग्णालयात तज्ज्ञ बसवा, आयएएससारखी अखिल भारतीय आरोग्य सेवा काढा. ती आरोग्य सेवा काही आली नाही.

मी नोकरीच्या सुरुवातीला एका दुष्काळी तालुक्यात केंद्रावर होते. कागदावर मुदलियार, हाताखाली अख्खा ब्लॉक, म्हणजे लाखाच्या आसपास माणसं. प्रसूतीच्या टेबलाचा एक पाय विटेवर. वीज गेली की शिपाई पेट्रोमॅक्स धरून दाराकडे तोंड करून उभा राहायचा, बाईमाणसाची लाज म्हणून, आणि मग उजेड भिंतीवर पडायचा. मी ओरडायची, "अरे बाबा, माझ्याकडे धर!" तेव्हा 'आहेत ती नीट करा' हे वाक्य मला फार पटायचं.

निवृत्त_हेडमास्तर:

सुईणमावशींचा प्रतिसाद वाचनीय, पण डॉक्टरसाहेबांची आरती जरा जास्त झाली. शाळेच्या बाजूने बोलतो.

आयोगाने सात शाखा सुचवल्या: मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला, गृहविज्ञान. कल्पना चांगली, मुलगा आठवीनंतर आपल्या कलाने जाईल. आमच्या शाळेच्या पाटीवर 'मल्टिपर्पज' रंगवून घेतलं. वर्कशॉपच्या खोलीत लेथ आलं, ग्रीस लावून ताडपत्रीखाली झाकलं आणि तिथेच राहिलं, कारण चालवून दाखवणारा माणूस आयटीआयतही मिळेना. शेतीच्या शाखेला जमीन नाही. मग सगळी हुशार मुलं विज्ञानात आणि उरलेली बाकी सहांत. शिक्षक तयार करण्यासाठी अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथे प्रादेशिक महाविद्यालयं निघाली ती १९६३ साली. अहवाल १९५३चा. दहा वर्षं शाळांनी लेथकडे बघत काढली. वॉर्डात नर्स नेमल्याशिवाय खाटा वाढवायला ते तयार झाले असते का?

दुसरं, आकृतिबंध. त्यांनी इंटर (शाळेनंतरची दोन वर्षं) मोडून एक वर्ष शाळेला आणि एक पदवीला दिलं, म्हणजे ११ अधिक ३. राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठात प्रवेश १२ वर्षांनंतर सुचवला होता आणि त्यात हेच गृहस्थ सदस्य! मग कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये १०+२+३ आणलं. आपल्याकडे अकरावीची एसएससी जाऊन दहावीची आली ती १९७५ला. त्या वर्षी दोन्ही बॅचेस एकदम बाहेर पडल्या आणि प्रवेशासाठी जो गोंधळ झाला तो ज्यांनी पाहिलाय त्यांना विचारा.

आणि २७ वर्षं एका खुर्चीत ही कौतुकाची गोष्ट कशी? मला तरी ती काळजीची वाटते. दोन पिढ्यांचे प्राध्यापक एकाच माणसाच्या मर्जीने नेमले गेले असणार.

वर्गात इष्ट संख्या ३०, फार तर ४०, हेही त्यांनीच लिहिलंय. हे मात्र मनापासून मान्य. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या नववी ब मध्ये ७२ होते.

सुईणमावशी:

हेडमास्तर, लेथचं पटलं. खुर्चीचंही अर्धं पटलं, कारण मीही एकाच विभागप्रमुखाच्या हाताखाली फार वर्षं काढलीत. पण विद्यापीठाच्या कामाला वेळ लागतो हेही खरंच ना? मद्रासमध्येच गिंडीला अलगप्पा चेट्टियारांच्या देणगीतून तंत्रज्ञान महाविद्यालय निघालं ते १९४४ला, यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला. असल्या गोष्टी तीन वर्षांच्या कुलगुरूला उद्घाटनापुरत्याच पाहायला मिळतात. ११ अधिक ३ बद्दल मी वकिली करणार नाही.

कलम_कारकून:

ताई, भावाला आणि तुला चौथे मुदलियार हवेत का? मी सीएस (कंपनी सेक्रेटरी) करतोय. कंपनी कायद्यात 'अल्ट्रा व्हायरीस' (अधिकाराबाहेरचं कृत्य) शिकताना जो खटला पाठ करावा लागतो तो म्हणजे 'ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार विरुद्ध एलआयसी', सर्वोच्च न्यायालय, १९६३. मला आज कळतंय की हे तेच!

थोडक्यात प्रकरण असं. एका आयुर्विमा कंपनीच्या भागधारकांनी १९५५ मध्ये ठराव करून एका स्मारक न्यासाला २ लाख रुपये द्यायचं ठरवलं, संचालकांनी दिले. न्यासाचं काम तांत्रिक आणि व्यापारी ज्ञानाचा प्रसार, विम्याचं ज्ञान त्यात आलं. मुदलियार विश्वस्त. मग १९५६ मध्ये विमा धंद्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि एलआयसी म्हणाली, हे पैसे परत करा. न्यायालयाने म्हटलं, कंपनीच्या घटनापत्रात असलं दान बसत नाही, त्यातून कंपनीच्या धंद्याला थेट फायदा होताना दिसत नाही, आणि सगळे भागधारक 'हो' म्हणाले तरी अधिकाराबाहेरचं कृत्य अधिकारात येत नाही. पैसे परत.

आमचे सर सांगतात, पक्षकार लक्षात ठेवू नका, तत्त्व लक्षात ठेवा. पण पक्षकार बाळंतपणाचे डॉक्टर आणि कुलगुरू होते हे कुणी सांगितलं असतं तर मला ते पहिल्याच फेरीत पाठ झालं असतं.

कट्टेकरी:

बी.एड., एमबीबीएस, गायनॅक, सीएस. आता यूपीएससीवाला कुणी येऊन पाचवा काढेल.

तारामणीवाला:

यूपीएससीवाला नाही, पण पंधराएक वर्षं चेन्नईत आहे. ऑफिस तारामणीला. इथे मद्रास विद्यापीठाचा जो वैद्यकीय परिसर आहे त्याचं नावच डॉ. ए.एल.एम. पदव्युत्तर मूलभूत वैद्यकशास्त्र संस्था. ए.एल.एम. म्हणजे आपले हेच. शेजारी चहा पिणाऱ्या पोरांना विचारलं तर 'एएलएम' एवढंच ठाऊक, पूर्ण नाव एकालाच आलं.

जुळ्या भावाबद्दल: रामस्वामी मुदलियार १९४५ला सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या स्थापना परिषदेत भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक-सामाजिक परिषदेचे पहिले अध्यक्ष. धाकटे डॉक्टरही मागे नव्हते. जागतिक आरोग्य संघटना १९४८ला सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष हे. १९६१ला जागतिक आरोग्य परिषद दिल्लीत भरली तेव्हा अध्यक्षही हेच. एका बाळंतपणात घरच्यांनी केवढं काय मिळवलं बघा.

हेडमास्तरांच्या मुद्द्याला पुरवणी: १९६९ला त्यांच्या जागी एन. डी. सुंदरवडिवेलू आले, ते शिक्षण खात्यातले. म्हणजे डॉक्टरनंतर मास्तर. इथले जुने लोक दोघांचीही नावं घेतात, पण शाळेतल्या दुपारच्या जेवणामुळे सुंदरवडिवेलूंबद्दल बोलताना आवाज जरा मऊ होतो.

खडूफळा:

बाप रे. सगळ्यांचे आभार. शारीरिक स्वास्थ्याचं प्रकरण माझ्या गाईडात खरंच दोन ओळींचं आहे, मावशी, आत्ता पाहिलं. भाऊ म्हणतो, एवढं होतं तर आम्हाला फक्त ४०,००० का शिकवतात.

एक उपप्रश्न. आपल्या महाराष्ट्रात असं कुणी? आरोग्य विद्यापीठ सोडून, साध्या विद्यापीठाचा डॉक्टर कुलगुरू?

परळकर:

आहेत ना, डॉ. स्नेहलता देशमुख. बालशल्यचिकित्सक, सायन हॉस्पिटलच्या अधिष्ठाता, तिथून १९९५ ते २००० मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू. २०२४ मध्ये गेल्या. बॉम्बे युनिव्हर्सिटीचं 'मुंबई विद्यापीठ' झालं ते त्यांच्याच काळात, १९९६ला. पण लोकांच्या लक्षात राहिलाय तो दुसरा निर्णय: पदवीच्या कागदावर विद्यार्थ्याच्या नावात आईचंही नाव. लहान बाळांची ऑपरेशनं करणाऱ्या बाईंना ते सुचावं यात नवल नाही. रात्रभर खाटेशेजारी जमिनीवर कोण बसलेलं असतं हे त्यांनी रोज पाहिलेलं.

माझ्या प्रमाणपत्रावर आईचं नाव आहे. ती चौथी शिकलेली. कागद आणला त्या दिवशी वडील म्हणाले, लॅमिनेशन करून आण. आईने काही न बोलता स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "स्पेलिंग बरोबर आहे का रे?" बरोबर होतं.

महाराष्ट्राबाहेर पाहायचं तर कलकत्ता. नीलरतन सरकार १९१९ ते २१, आणि बिधानचंद्र रॉय १९४२ ते ४४. म्हणजे १९४२ला मद्रासला प्रसूतितज्ज्ञ आणि कलकत्त्याला फिजिशियन, दोन्ही ठिकाणी डॉक्टर कुलगुरू. रॉय पुढे पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झाले. मुदलियारांनी मात्र खुर्ची बदलली नाही.

निवृत्त_हेडमास्तर:

देशमुख बाईंबद्दल दुमत नाही. आणि पाच वर्षांत पायउतार झाल्या, हे नोंदवून ठेवतो.

खडूफळा:

भावाचा शेवटचा प्रश्न, तो स्वतः विचारायला लाजतोय. समितीचं साल तो १९६२ लिहितो. तुम्ही १९५९ म्हणता. पेपरात काय लिहू?

सुईणमावशी:

त्याला सांग, समिती १९५९ला नेमली, अहवाल १९६१मध्ये दिला, आणि त्याचं पुस्तक १९६२ म्हणतं. पेपरात १९६२ लिही म्हणावं. तपासणारा तेच पुस्तक वाचून पास झालाय. तोंडी परीक्षेत कुणी म्हातारा परीक्षक भेटलाच तर मग १९५९ काढ, आणि लगेच भोर समितीचं सदस्यत्वही सांगून टाक. तू आपली श्रेणी आणि संचयी नोंदपत्रक सोडू नकोस, तो प्रश्न येतोच.